धरण उशाला, कोरड घशाला : डिजिटल ग्रंथालयाची किल्ली कुणाकडे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' योजनेला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद झाली. ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० ई-नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांतील जवळपास १ कोटी ८० लाख विद्यार्थी, प्राध्यापक आणि संशोधकांना मिळतील, असे सांगण्यात आले. आकडे मोठे आहेत. पण आंबेडकरी चळवळीने आपल्याला कोणत्याही योजनेकडे शेवटच्या माणसाच्या जागी उभे राहून पाहायला शिकवले आहे. म्हणून प्रश्न असा : अहिल्यानगर जिल्ह्याच्या टोकाला, भंडारदऱ्याच्या परिसरात राहणाऱ्या बौद्ध किंवा आदिवासी विद्यार्थ्याच्या हाती यातले काय पडणार?

भंडारदऱ्याचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. इथे प्रवरेवर इंग्रजांनी बांधलेले धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्या पाण्यावर खालच्या तालुक्यांत ऊस उभा राहिला, साखर कारखाने उभे राहिले. धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्या-पाड्यांना मात्र उन्हाळ्यात हंडा घेऊन चालावे लागते. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण अशाच गावांची. विद्यापीठांच्या डिजिटल ग्रंथालयांचेही आज तेच होण्याची भीती आहे. साठा प्रचंड आहे, पण चावी भलतीकडेच आहे.

अंतर मिटले आहे

आधी चांगली बाजू पाहू, कारण ती खरोखर चांगली आहे. अकोले तालुक्यातली महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय पुण्यात, म्हणजे भंडारदऱ्यापासून दीडशे किलोमीटरहून जास्त लांब. एक संदर्भ पाहायचा तर एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे घालवावे लागे. आता तसे राहिलेले नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने पीएच.डी. प्रबंधाची डिजिटल प्रत देणे बंधनकारक केले. गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' केंद्राच्या 'शोधगंगा' भांडारात आज पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि ते कुणालाही मोफत वाचता येतात. दलित साहित्य, आंबेडकरी विचार, आदिवासी जमिनीचे प्रश्न यांवरचे मराठी प्रबंधही त्यात सापडतात. आयआयटी खरगपूरने उभारलेले 'नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' सर्वांसाठी खुले आहे.

महाविद्यालयांसाठी इन्फ्लिबनेटचीच 'एन-लिस्ट' ही सेवा आहे. सहा हजारांहून अधिक ई-नियतकालिके आणि सुमारे दोन लाख ई-पुस्तके. अनुदानित महाविद्यालयासाठी वर्गणी वर्षाला सहा हजार रुपयांच्या घरात, म्हणजे चार-पाच जाडजूड पाठ्यपुस्तकांची किंमत. मुख्य म्हणजे इथे प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचे लॉगिन मिळू शकते. त्यासाठी ग्रंथालयात बसायची गरज नाही. घरी, वसतिगृहात, रेंज येणाऱ्या टेकडीवर, कुठेही वाचता येते.

अडते कुठे?

पहिली अडचण लॉगिनची. ते आपोआप मिळत नाही. महाविद्यालयाने सदस्यत्व घ्यावे लागते, विद्यार्थ्यांची नावे आणि ई-मेल नोंदवावे लागतात. हे काम ग्रंथपालाचे. राज्यात अनेक महाविद्यालयांत ग्रंथपालाचे पदच रिक्त आहे किंवा कारभार दुसऱ्याकडे आहे. मग सदस्यत्व मूल्यांकनाच्या फायलीत दिसते, लॉगिन चार-दोन प्राध्यापकांकडे असते आणि बी.ए.च्या मुलीला अशी काही सेवा आहे हेच ठाऊक नसते.

दुसरी अडचण 'सरकारी' या शब्दाची. 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' ही योजना केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्चशिक्षण संस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. ग्रामीण महाराष्ट्रातली बहुतेक महाविद्यालये मात्र खासगी शिक्षण संस्था चालवतात. पगार सरकार देते, व्यवस्थापन संस्थेचे असते. आपले महाविद्यालय या यादीत आहे की नाही, हे प्रत्येक विद्यार्थ्याने विचारलेच पाहिजे. सर्वाधिक गरज असलेलेच बाहेर राहणार असतील, तर 'एक राष्ट्र' म्हणजे कोणाचे राष्ट्र, असा प्रश्न उरतो.

तिसरी अडचण साधनांची. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार ग्रामीण भारतात फक्त ४.४ टक्के घरांत संगणक होता आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेट. त्यानंतर मोबाईल खूप पसरला, हे खरे. पण दोन रकान्यांत छापलेला वीस पानी इंग्रजी शोधनिबंध मोबाईलच्या पडद्यावर वाचून त्यावर टिपणे काढणे आणि रील पाहणे, यात फरक आहे. त्यात विकत घेतलेली बहुतेक सामग्री इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला शोध कसा घ्यायचा, सारांश कसा वाचायचा, हे कोणीतरी बसून शिकवावे लागते. संगणक ते काम करत नाही, माणूस करतो.

भाड्याचे ज्ञान आणि आपले ज्ञान

आणखी एक गोष्ट चळवळीने नीट समजून घेतली पाहिजे. कोट्यवधी रुपये मोजून घेतलेली ही नियतकालिके ग्रंथालयाच्या मालकीची होतातच असे नाही. बहुतांशी तो वापराचा परवाना असतो. करार संपला की दार बंद. पदवी संपली की लॉगिन बंद. म्हणजे ज्या वयात तरुण कार्यकर्ता माहिती अधिकाराचे अर्ज लिहितो, वनहक्काचे दावे भरतो, नेमक्या त्याच वेळी तो ग्रंथालयाच्या बाहेर असतो.

बाबासाहेबांनी ग्रंथांची किंमत फार जवळून जाणली होती. १९१७ मध्ये लंडनहून परतताना त्यांचे ग्रंथ घेऊन निघालेले जहाज पाणतीराने बुडवले गेले. तरी त्यांनी पुन्हा संग्रह उभा केला, त्यासाठी राजगृह बांधले आणि पुढे सिद्धार्थ व मिलिंद महाविद्यालये उभारली. डिजिटल प्रत समुद्रात बुडत नाही. पण ती दुसऱ्याच्या कुलपात असेल, तर आपल्या दृष्टीने ती बुडाल्यासारखीच.

याच्या उलट उदाहरण भंडारदऱ्याच्या शेजारीच आहे. कळसूबाईच्या रांगेपलीकडे घोटीच्या पुढे इगतपुरी. तिथल्या विपश्यना विशोधन विन्यासाने रंगूनच्या छठ्ठ संगायनेत (१९५४-५६) सिद्ध झालेला पाली तिपिटक अट्ठकथांसह देवनागरीत छापला, सीडीवर आणला आणि नंतर संकेतस्थळावर मोफत खुला केला. ना लॉगिन, ना वर्गणी, ना पदवीची अट. विपश्यनेच्या परंपरेबद्दल आपल्यात मतभेद असतील, पण ज्ञान खुले कसे ठेवावे याचा हा धडा घेण्यासारखा आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग अँड स्पीचेस'चे खंडही इंटरनेटवर मोफत उपलब्ध आहेत. जुन्या आंबेडकरी नियतकालिकांचे अंक, स्मरणिका, गावोगावच्या परिषदांची पत्रके मात्र अजून कार्यकर्त्यांच्या ट्रंकेत वाळवीच्या तोंडी आहेत. विद्यापीठ ग्रंथालयांकडे स्कॅनर आहेत, सर्व्हर आहेत. ते या कामाला लावा, ही मागणी आपणच केली पाहिजे.

मागण्या आणि कामे

अकोल्याच्या विज्ञान महाविद्यालयाला आंबेडकरी चळवळीतले नेते दादासाहेब रूपवते यांचे नाव आहे. शिक्षणासाठी झगडण्याचा वारसा या तालुक्याला नवा नाही. तो पुढे न्यायचा तर काही गोष्टी आजच करता येतील.

विद्यार्थ्यांनी आपल्या महाविद्यालयात लेखी अर्ज देऊन तीन गोष्टी विचाराव्यात : एन-लिस्टचे सदस्यत्व चालू आहे का, किती विद्यार्थ्यांना लॉगिन दिले, आणि मला कधी मिळेल. विद्यापीठाकडे मागावे की प्रवेश घेताच प्रत्येकाला लॉगिन मिळावे आणि माजी विद्यार्थ्यांनाही नाममात्र वर्गणीत वाचनाची सोय असावी. रिक्त ग्रंथपाल पदांचा प्रश्न आमदारांपर्यंत न्यावा. समाजकल्याणच्या वसतिगृहांत आणि राजूरच्या आदिवासी विकास प्रकल्पाच्या वसतिगृहांत चालू इंटरनेट, चार संगणक आणि एक प्रिंटर मागावा. ही मागणी बौद्ध आणि आदिवासी विद्यार्थ्यांनी एकत्र केली तर तिचे वजन वाढेल.

आणि एक काम कुणाकडेही न मागता करता येण्यासारखे आहे. आपल्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक तास ठेवा. शोधगंगा कशी उघडायची, प्रबंध कसा शोधायचा, तिपिटक आणि बाबासाहेबांचे खंड कुठे आहेत, हे दहावी-बारावीच्या मुलामुलींना दाखवा. ज्याला येते त्याने दोघांना शिकवावे.

'शिका' हा आदेश आपल्याला पाठ आहे. आज शिकण्याचे साहित्य खिशातल्या मोबाईलपर्यंत आले आहे, पण त्याची चावी मागितल्याशिवाय मिळत नाही. ती मागण्यासाठी 'संघटित व्हा' आणि 'संघर्ष करा' हेही तितकेच पाठ असावे लागते.