धावणे संपलेल्या घोड्याचा वाली कोण?

‘ग्रेहाउंड’ म्हटले की आपणां हैदराबादकरांना नक्षलवाद्यांशी लढण्यासाठी 1989 मध्ये उभारलेले पोलीसदल आठवते. ज्या चपळ कुत्र्यावरून हे नाव घेतले, त्याच्या वाट्याला मात्र परदेशांत पैजेच्या शर्यती आल्या. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या मतदारांनी 2018 मध्ये कौल देऊन या शर्यती 2020 अखेर बंद पाडल्या, आणि निवृत्त कुत्र्यांना कुटुंबांनी दत्तक घेतले. मौज अशी की, वाऱ्याशी स्पर्धा करणारा हा प्राणी घरात आला म्हणजे दिवसाचा बराच वेळ गादीवर झोपून काढतो!

आपल्या शहरात ही शर्यत घोड्याची आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी 1886 साली शर्यती मौलाअलीहून मलकपेठेत आणल्या. तेथे आजही पावसाळी व हिवाळी हंगाम रंगतात. घोडा दोन-तीन वर्षांचा असतानाच धावू लागतो आणि बहुधा दहा वर्षांच्या आतच त्याची धाव संपते. त्याचे आयुष्य मात्र पंचवीस वर्षांच्या घरात जाते. मधल्या पंधरा वर्षांचे काय? काही घोडे अश्वारोहणाच्या शाळांत जातात, काही वरातीत नवरदेवाला पाठीवर घेतात. सर्वांचेच नशीब एवढेही बरे नसते. 2025 च्या उन्हाळ्यात हैदराबादेहून 57 घोडे जबलपूरजवळ नेण्यात आले आणि थोड्याच दिवसांत त्यांतील अनेक दगावले. ही वार्ता वाचून ज्याला काहीच वाटले नाही, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

कुत्रा दत्तक घेणे आपल्या आवाक्यात आहे, घोडा नाही. त्याला दररोज सुमारे दहा किलो चारा, वर चंदी, शिवाय मोकळी जमीन, खरारा करणारा मोतद्दार आणि ठरावीक काळाने नालबंद हवा. तेव्हा केवळ भूतदयेच्या आवाहनाने हा प्रश्न सुटणार नाही. त्यासाठी पैसा लागेल, आणि तो शर्यतीतूनच आला पाहिजे. प्रत्येक पैजेवर सरकार कर घेतेच. त्याचप्रमाणे पैजेतून व बक्षिसाच्या रकमेतून अल्पसा भाग निवृत्त घोड्यांच्या पांजरपोळासाठी वेगळा काढण्यास कोणती अडचण आहे? शर्यतींवर शेकडो मोतद्दारांचे पोट चालते, असे म्हणतात. ते खरेच आहे. मग म्हाताऱ्या घोड्यांची निगा राखण्यास त्यांच्याइतका जाणता माणूस दुसरा कोठे मिळणार?

आणखी एक गोष्ट तर फारशा खर्चाचीही नाही. शर्यतीच्या प्रत्येक घोड्याचा जन्म, त्याचे आईबाप, त्याचे नाव यांची नोंद पुण्याच्या वंशनोंदणी कार्यालयात असते. त्याच नोंदीत शर्यत सुटल्यावर तो कोणाकडे गेला, कोठे राहिला आणि केव्हा मेला, हेही दरवर्षी लिहिले जावे, आणि ते कोणालाही वाचता यावे.