चालते यंत्र भंगारात का?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभाल थांबविली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर हवा. घरोघरचे धडधाकट संगणक अशा रीतीने एका फतव्यानिशी म्हातारे ठरले. यंत्र झिजले नाही. मक्तेदाराची गरज बदलली.

हे सारे सुरक्षेसाठीच, असा युक्तिवाद केला जातो. तो मान्य केला, तरी जुन्या यंत्रांनाही सुरक्षा-दुरुस्त्या पुरविणारी लिनक्स प्रणाली १९९१ पासून वाढत आली आहे, तिचे काय? लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती चार जीबी रॅमवर चालते. पेनड्राइव्हवरून ती आधी पारखता येते. मूळ माहितीला धक्का लागत नाही. अडचणी आहेतच : काही प्रिंटर रुसतात, जुन्या फाँटांतील मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो. पण ही मेहनत एकदाची आहे, परावलंबन कायमचे. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त प्रणालीवर वर्ग चालवून दाखविले आहेत.

घामाच्या पैशाने घेतलेल्या यंत्राचे आयुष्य कोणी ठरवायचे, कंपनीने की घेणाऱ्याने? संगणक भंगारवाल्याला देण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी या प्रश्नाचे उत्तर कृतीने द्यावे.