शास्त्र आणि व्यवहार : पहारेकरी उभा कोठें?

जुन्या वाड्यास देवडी असे आणि देवडीवर पहारेकरी असे. त्याच्या समोरून गेल्यावांचून कोणी चौकांत पोहोंचत नसे. तोच पहारेकरी माडीच्या सज्जांत बसविला, तर त्याची नजर कितीहि तीक्ष्ण असो, तो फार तर आरडाओरडा करील. चोराचा हात त्याला धरतां येणार नाहीं. बँका, इस्पितळें व कचेऱ्या यांतील संगणकांच्या जाळ्याचें रक्षण करणारी 'आय्. पी. एस्.' नांवाची जी यंत्रणा आहे, तिचें मर्म या भेदांत आहे.

संगणकांचें दळणवळण 'पॅकेट' नांवाच्या लहान पुडक्यांनीं चालतें. यंत्र वाटेंतच बसविलें, म्हणजे 'इनलाइन' ठेविलें, तर प्रत्येक पॅकेट त्यांतून जातें व संशयित पॅकेट तेथेंच टाकून देतां येतें. यंत्र बाजूस ठेवून त्याकडे पॅकेटांच्या नुसत्या नकला पाठविल्या, तर नक्कल तपासून होईतों मूळ पॅकेट बहुधा मुक्कामीं पोहोंचलेलें असतें. मग सूचना द्यावयाची, किंवा संभाषण तोडणारा 'रीसेट'चा निरोप धाडावयाचा, एवढेंच हातीं उरतें. हा निरोपहि जेथें आधीं दोन्ही बाजूंची ओळख पटून संभाषण जुळतें, त्या 'टीसीपी' पद्धतींतच लागू पडतो.

ता. २५ जानेवारी २००३ रोजीं 'स्लॅमर' नांवाची कीड जगभर पसरली, तेव्हां या भेदाची किंमत कळली. ३७६ बाइटांची ती सबंध कीड एकाच पॅकेटांत मावत होती, आणि तें पॅकेट आधीं ओळख न मागणाऱ्या 'यूडीपी' पद्धतीनें येई. तोडावयास संभाषणच नाहीं, तेथें रीसेट काय करणार? सुमारें दहा मिनिटांत, लागण होऊं शकणाऱ्या संगणकांपैकीं शेंकडा ९० तिनें गांठले. अमेरिकेंतील ओहायओ संस्थानांत डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्र आहे. तेथील मुख्य वाटेवर या किडीस मज्जाव होता. परंतु एका कंत्राटदाराची निराळी तार त्या वाटेस वळसा घालून आंत गेली होती. कीड तिकडून शिरली, आणि सुरक्षिततेची स्थिति दाखविणारा फलक सुमारें पांच तास बंद पडला. केंद्र त्या वेळीं चालू नव्हतें, हें सुदैव!

मग सर्वत्र यंत्र वाटेंतच कां बसवूं नये? कारण देवडीवरचा पहारेकरी पाहुण्यासहि चोर समजूं शकतो. इस्पितळांत रोग्याच्या तपासणीचा कागद अशा संशयानें अडला, तर रक्षणच घातक ठरेल. शिवाय यंत्र बंद पडल्यास वाट मोकळी सोडावी कीं बंद करावी, हेंहि आधींच ठरवावें लागतें. मोकळी सोडली तर रक्षण गेलें. बंद केली तर कामकाज थांबलें. हा निर्णय यंत्राचा नव्हे, धन्याचा आहे.

यास्तव जाणते लोक यंत्र वाटेंत बसवूनहि कांहीं दिवस त्यास केवळ सूचना देऊं देतात, चुकीचे संशय निवडून काढतात आणि मगच अडविण्याचा अधिकार देतात. घरांतील माणसें ओळखूं लागेपर्यंत नव्या पहारेकऱ्याच्या हातीं काठी देऊं नये, हें कोणत्याहि कुटुंबप्रमुखास निराळें सांगावयास नको.