भाकरी घ्या, पण गिरणी बघून

सीलिॲक आजार असलेल्याला गहू, जव आणि राय ही धान्यं वर्ज्य. परदेशी निघताना आपल्या आळंद-कलबुर्गीकडची ज्वारीची कडक भाकरी मोठा आधार: बरेच दिवस टिकते, सोबत शेंगाचटणी असली की झालं. पण गव्हानंतर त्याच गिरणीत ज्वारी दळली, तर पिठात गहू आलाच. ज्वारी वेगळी दळा. हिंगाच्या डबीवरचे घटकही वाचा, त्यात बहुधा गव्हाचं पीठ असतं.

तिकडे ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिलेलंच घ्या; युरोप-अमेरिकेत त्याची मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे. युरोपात डिसेंबर 2014 पासून हॉटेलांनाही पदार्थात ग्लूटेनचं धान्य आहे का, हे सांगावं लागतं. तळणीचं तेल वेगळं आहे का, तेही विचारा. आणि नातलगांनो, ‘एका पुरीनं काय होतंय?’ असा आग्रह नको. होतं!