पटर हलकाच घ्या



आजचा लेख स्वयंपाकाचा नाही, व्रताचाही नाही. मुलांकडे अमेरिकेत सहा-सहा महिने राहायला जाणाऱ्या आपल्यापैकी निदान दहा-बारा जणींनी मला एकच प्रश्न विचारला आहे, म्हणून लिहिते. प्रश्न असा, की तिकडे बागेत जो चकत्या फेकायचा खेळ असतो, त्यातली टोपलीत टाकायची चकती आपल्या वयाला कोणती घ्यावी? माझं मत सरळ आहे. साठी ओलांडलेल्या बाईने १७५ ग्रॅमची चकती घेऊ नये, मग दुकानदार काहीही सांगो आणि जावई काहीही सांगोत. १५० ते १६० ग्रॅमच्या दरम्यानची घ्यावी, आणि एकाच जातीच्या दोन घ्याव्यात.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डिस्क गोल्फ म्हणजे गोल्फच, पण काठी आणि चेंडूऐवजी प्लॅस्टिकची चकती. खांबाला लोंबत्या साखळ्या आणि खाली लोखंडी टोपली असते. साखळ्यांवर चकती आपटली की ती टोपलीत पडते. टोपलीची कड जमिनीपासून साधारण ८२ सेंटिमीटरवर, म्हणजे आपल्या ओट्याएवढ्या उंचीवर. कमीत कमी फेकींत जो टोपली गाठेल तो पुढे. कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह नावाच्या बागेत १९७५ साली पहिलं कायमचं मैदान झालं. ते एड हेड्रिक या गृहस्थांनी आखलं आणि साखळ्यांच्या टोपलीचं पेटंटही १९७७ साली त्यांनीच मिळवलं. ते २००२ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची राख काही चकत्यांच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळली. माणसाचा जीव कशात अडकेल सांगता येत नाही!

माझी धाकटी नॉर्थ कॅरोलिनात शार्लटला असते. त्या शहरात या खेळाची मैदानं भरपूर आहेत. तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवरच्या बागेत नऊ टोपल्या आहेत, पैसे पडत नाहीत, कुणाला विचारावं लागत नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे. तिकडे आपल्याला गाडी येत नाही. देवळात जायचं तर कुणीतरी नेणार, भाजी आणायची तर कुणीतरी नेणार, मैत्रिणीकडे जायचं तरी शनिवारची वाट पाहायची. दिवसभर दोघं कामावर आणि आपण खिडकीत. अशा दिवसात एक तास असा मिळतो की आपल्या पायांनी जायचं, आपल्या हाताने खेळायचं आणि परत यायचं. सूर्यास्ताआधी जेवण आटोपलं तरी जूनमध्ये तिथे साडेआठपर्यंत उजेड असतो. भांडी आवरून निघालं तरी चालतं.

हा तास टिकणार की नाही, हे खांद्यावर अवलंबून आहे. माझा उजवा खांदा तीन वर्षांपूर्वी आखडला होता. केसात फणी फिरवता येत नव्हती. आता बरा आहे, पण त्याला जास्त बोललेलं चालत नाही. आपल्या वयात ज्यांचा खांदा, कोपर किंवा अंगठ्याचं मूळ दुखत नाही अशी बाई मला तरी भेटायची आहे. हात दुखला की पहिले दोन दिवस आपण जात नाही, मग पाऊस येतो, मग नातीची परीक्षा, आणि चकत्या गाडीच्या डिकीत पडून राहतात. म्हणून वजनाचा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही.

आता वजनाचा हिशेब. नियम असा आहे की चकतीच्या व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त वजन नको. टोपलीजवळ वापरायची चकती, जिला ते पटर म्हणतात, ती साधारण २१ सेंटिमीटर व्यासाची असते. गुणाकार केला की १७४ येतात. म्हणजे १७४-१७५ हा आकडा कुठल्या अभ्यासातून आलेला 'योग्य' आकडा नाही, ती नियमाने घातलेली वरची हद्द आहे. स्पर्धेतले खेळाडू त्या हद्दीला चिकटून राहतात, कारण जड चकती वाऱ्यात कमी हलते. मग दुकानाच्या फळीवर समोर तेच वजन राहतं आणि नवीन माणसाला वाटतं की हेच घ्यायचं असतं.

मी बी.कॉम. झालेली बाई, त्यामुळे मला बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. १७५ ऐवजी १५५ घेतली तर एका फेकीमागे २० ग्रॅम वाचले. ऐकायला काहीच नाही, दोन बदामांचा फरक असेल असं वाटतं. पण वजनाच्या हिशेबात तो सुमारे ११ टक्के आहे. एका संध्याकाळी सरावासकट ६० फेकी होतात, म्हणजे १ किलो २०० ग्रॅम. महिन्यात पंचवीस दिवस गेलात तर ३० किलो. एवढं वजन खांद्याने दरवेळी नुसतं उचलायचं नाही, झटका देऊन पुढे सोडायचं आणि मग हात थांबवायचा. माझा खांदा फेकताना नाही, हात थांबवताना बोलतो.

दुसरी गोष्ट फेकीच्या पद्धतीची. जोर कमी असला की जड चकती टोपलीच्या अलीकडेच बसते. मग माणूस नकळत अंग पुढे झोकतो, टाच उचलतो, खांदा वर घेतो. पाच-सहा मीटरवरून टाकताना हलकी चकती मनगटाच्या आणि बोटांच्या बळावर जाते, अंग जागेवर राहतं. याला नियमाचाही आधार आहे. टोपलीपासून दहा मीटरच्या आत चकती सोडल्यावर तोल पूर्ण सावरल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. तोल जाऊन पडायची भीती आपल्याला नियम नसतानाही असतेच. मी दोन्ही पाय फाकवून, टोपलीकडे तोंड करून उभी राहते. दिसायला फार बरं दिसत नाही, पण साडी नेसून नळावर पाणी भरलेल्या बाईला ती उभी राहण्याची रीत शिकवावी लागत नाही. (तिकडे मी सलवार-कमीज घालते, गैरसमज नको.)

जावईबापूंचं म्हणणं वेगळं आहे आणि ते अगदी चुकीचं नाही. ते म्हणतात, "आई, वारा आला की हलकी चकती पतंगासारखी होते." खरं आहे. समोरून वारा आला की हलकी चकती उचलली जाते आणि टोपलीवरून पलीकडे जाते. मागून वारा असला की खाली दबते. शिवाय साखळ्यांवर ती हळू आपटते, कधी कडेला लागून बाहेर येते. जड चकती अशा वेळी आत रुतते. हे सगळं मी मान्य करते. पण त्यांना रविवारी ठरलेल्या वेळी स्पर्धेला उभं राहायचं असतं, वारा असो की नसो. मला कुणी बोलावलेलं नाही. फार वारा सुटला तर मी घरी येते आणि नातीला पाढे म्हणायला बसवते. आणि झुळूक असेल तर दोन पावलं जवळ जाऊन खालून टाकण्याचा सराव करते. वर्षातल्या थोड्या वाऱ्याच्या दिवसांसाठी रोजच्या हाताला जास्तीचं वजन कशाला?

आपल्या घरात प्रत्येकीचं लाटणं वेगळं असतं. सासूबाईंचं जाड शिसवी, आपलं बारीक. सुनेला तर तिसरंच लागतं. लाटण्याचं प्रमाण वजन किती, असं कुणी कधी विचारलं आहे का? पोळी गोल झाली की झालं. चकतीच्या दुकानात गेलं की मात्र आपण वीस वर्षांच्या मुलाच्या हाताचं माप गपगुमान स्वीकारतो. एका दुकानात मला तिथला मुलगा म्हणाला की हलक्या चकत्या लहान मुलांसाठी असतात. वाईट हेतूने नाही म्हणाला बिचारा. मी म्हटलं, मग मला लहान मुलांच्या फळीवर घेऊन चल.

तिथे मात्र सांभाळा. खेळण्यातल्या तबकड्या आणि हलका पटर यांत फरक आहे. आपल्याला नियमातली, पूर्ण मापाची चकती हवी, फक्त वजन कमी. इनोव्हा कंपनीचा एव्हिअर नावाचा पटर १९८० च्या दशकापासून चालत आलेला आहे आणि साध्या प्लॅस्टिकमध्ये तो १५० ग्रॅमच्या आसपासही मिळतो. चकतीवर चार आकडे छापलेले असतात: वेग, तरंगणं, सुरुवातीचं वळण आणि शेवटचं वळण. एव्हिअरचे २, ३, ०, १ आहेत. पटरसाठी पहिला आकडा दोन-तीनच्या आत असावा आणि शेवटचा शून्य किंवा एक. बाकी आकडेमोड मुलांना करू द्या.

वजन चकतीच्या खालच्या बाजूला शाईने लिहिलेलं किंवा चिकटवलेलं असतं. त्यात ग्रॅम-दोन ग्रॅमचा फरक निघतो. मी घरी आणून मुलीच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवते. दोन्ही सारख्या निघाल्या पाहिजेत, नाहीतर हाताला दोन सवयी लागतात.

वजनाइतकंच महत्त्वाचं आहे ते प्लॅस्टिक, आणि इथे दुकानातली महागडी वस्तू आपल्याला सोयीची नाही. साधं प्लॅस्टिक दहा डॉलरच्या आसपास, वरच्या दर्जाचं चकचकीत सोळा ते वीस. महागडं जास्त टिकतं, झाडावर आपटून त्याला खरवडे पडत नाहीत. पण ते गुळगुळीत असतं. गुळगुळीत चकती सुटू नये म्हणून आपण अंगठा दाबून धरतो, आणि २० ग्रॅम वाचवून जे कमावलं ते अंगठ्याच्या सांध्यात घालवतो. साधं प्लॅस्टिक हाताला किंचित खरखरीत, मऊसर लागतं, साखळ्यांनाही बरं चिकटतं. थंडीत प्लॅस्टिक कडक होतं, तेव्हा मऊ घेतलेलं कामी येतं. सहा-सात मीटरवरून टोपलीतच टाकायचं तर झिजून झिजून किती झिजणार?

धरून पाहिल्याशिवाय घेऊ नका. पटरची कड खोल असते. बोटं आत पूर्ण वळून बसली पाहिजेत, ताणून नव्हे. काहींच्या कडेखाली एक बारीक उंचवटा असतो, त्याला ते मणी म्हणतात. तो काहींना आधार वाटतो, मला बोटाच्या पेराला टोचतो. वरचा भाग फुगीर असेल तर लहान पंजाला अंगठा ठेवायला अडचण होते, सपाट बरा. डोळे मिटून दोन-तीन चकत्या धरून पाहा, हात सांगतो.

आणि दोनच घ्या. तिकडे लोक पिशवीत वीस-वीस चकत्या घेऊन हिंडतात, प्रत्येकीचं काम वेगळं. परिग्रहाची मर्यादा आपल्याला लहानपणापासून सांगितली आहे, ती इथे फार सोयीची पडते. हलका पटर पंचवीस-तीस मीटरवरून टोपलीच्या जवळ आणायलाही चालतो, त्यामुळे लहान मैदानावर दोन चकत्यांवर पूर्ण खेळ होतो. पिशवी नको, खांद्याला पट्टा नको. मी कापडी थैलीत पाण्याची बाटली आणि दोन चकत्या घेऊन निघते. वीस डॉलरचा खर्च आहे, स्वतःसाठी करताना हात आखडू नका. नातवंडांच्या एका खेळण्याला याहून जास्त पडतात.

वाकण्याचं काय, हे विचारणाऱ्याही असतील. टोपलीत पडली तर वाकावं लागत नाही, चुकली तर लागतं. माझ्यापेक्षा वयाने मोठ्या एक अमेरिकन बाई त्या बागेत येतात, त्यांच्याकडे चकती उचलायची घडीची काठी आहे. मी गुडघा वाकवून बसून उचलते, तेवढाच व्यायाम. गवत कापलेल्या भागातच खेळते. उंच गवतात आणि झाडीत गेलेली चकती शोधताना पायाखाली काय काय येतं ते दिसत नाही, त्यामुळे तिकडच्या दोन टोपल्या मी सरळ सोडून देते. नऊच्या सात झाल्या तर कुणी वही तपासत नाही. रंग मात्र भडक घ्या, गुलाबी किंवा नारिंगी. हिरवी कितीही आवडली तरी नको.

तिथली माती लाल आणि चिकट आहे. पाऊस पडून गेला की चकतीच्या कडेत जाऊन बसते आणि वजनही वाढतं, पकडही जाते. एक जुना पंचा थैलीत ठेवा. घरी आल्यावर कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो. उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवू नका, कड वाकडी होते.