आमची जीप पंधरा वर्षांची झाली

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या घरात फटाक्यांपेक्षा मोठा आवाज जीपवरून झाला. दादाने मोबाइलवर लाल रंगाची थार दाखवली. बाबांनी चष्मा पुसला, नीट पाहिली आणि म्हणाले, ‘‘मस्त हाये. पण घ्याची काहून?’’ तिथून जे सुरू झालं ते भाऊबीजेपर्यंत संपलं नाही. आई एका बाजूला, दादा दुसऱ्या, बाबा अंगणात जीपच्या बोनेटला टेकून उभे. मी नागपुरातून चार दिवसांसाठी आलेली. पत्रकारितेचं शिकते म्हणून निकाल मी द्यायचा असं ठरलं, म्हणजे शिव्याही मीच खायच्या.

जीप डिसेंबर २०१० ची आहे, एमएच-३३. ती घरी आली तेव्हा मी दुसरीत होते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर जाहिरात वाटेल, नाहीतर तक्रार. डिझेल, फोर बाय फोर, मागे समोरासमोरचे बाक. एसी नाही, एअरबॅग नाही, एबीएस नाही. खिडकीची काच वर करताना एक हात काचेला आणि एक हँडलला लावावा लागतो. एटापल्लीतल्या आमच्या दुकानाचा माल याच गाडीने येतो, शेतावर हीच जाते आणि गाडी शिकले तीही हिच्यावरच. पॉवर स्टेअरिंगवर शिकलेल्या मैत्रिणींना मी थोडी तोऱ्यात सांगते हे.

या डिसेंबरात तिच्या नोंदणीची पंधरा वर्षं भरतात. म्हणून हा विषय निघाला.

आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण तो आमच्याही घरात होता. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते असं नाही. दिल्ली आणि भोवतालच्या एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचा जो वाद चालू आहे, तो नियम आपल्याकडे नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी बंद झाली, तीही फक्त सरकारी गाड्यांची. खासगी गाडी तपासणीत पास झाली तर पाच वर्षांसाठी नूतनीकरण मिळतं. त्याची फी पूर्वी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून चारचाकीला ५,००० झाली. पर्यावरण कर वेगळा. गाडी वीस वर्षांपुढे गेली तर २०२५ च्या नव्या दरांनुसार १०,०००. म्हणजे सरकार ‘काढून टाक’ म्हणत नाही, पण ठेवणं महाग करत चाललंय. शिवाय एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला ती नवी सुरक्षा नंबर प्लेट लावायचीच आहे.

आता दादाची बाजू. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

तो म्हणतो, रस्ते बदलले. खरंय. १ जानेवारी २०२५ ला गट्टा–गर्देवाडा–वांगेतुरी या ३२ किलोमीटरच्या रस्त्याचं मुख्यमंत्र्यांच्या हस्ते लोकार्पण झालं आणि अहेरीहून गर्देवाड्याला एसटी सुरू झाली. त्या भागातल्या लोकांनी स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा आपल्या गावात लाल गाडी पाहिली. ज्या वाटेवर बाबा फर्स्ट गिअरमध्ये गाडी काढायचे, तिथे आता टॉप गिअर पडतो. आणि इथेच दादाचा मुद्दा धारदार होतो: आपली जीप खड्ड्यांसाठी बनली होती, वेगासाठी नाही. सुरजागडच्या खाणीचे ट्रक आलापल्लीच्या रस्त्यावर समोरून येतात तेव्हा जुन्या ब्रेकवर किती भरवसा ठेवायचा? भारतात एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे, २०२२ पासून पुढे दोन एअरबॅग. थारला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये चार स्टार मिळाले होते. आमच्या जीपची कोणी टेस्ट घेतली असती तर स्टार द्यायच्या आधी माफी मागितली असती.

हा मुद्दा ऐकून मी जवळजवळ दादाच्या बाजूला गेले होते. मग हिशेबाला बसलो.

दुकानाची शिल्लक मोडून डाउन पेमेंट केलं तरी नऊ लाखांचं कर्ज लागतं. साडेनऊ टक्के व्याज, सात वर्षं. हप्ता साधारण १४,७०० रुपये. सात वर्षांत परत करायचे १२ लाख ३५ हजारांच्या आसपास. तुम्ही कधी ईएमआय कॅल्क्युलेटर उघडला असेल तर ती मोठ्या अक्षरातली हप्त्याची रक्कम पाहून थांबला असाल; खाली बारीक अक्षरात एकूण व्याज असतं, तेही वाचा. आमचं ३ लाख ३५ हजार येतं. माझ्या अख्ख्या पदवीला एवढा खर्च आला नाही.

आणि हप्ता कोण भरणार? दादा. दादाची नोकरी कंत्राटी आहे, अकरा महिन्यांची. दर वर्षी नवा करार होतो, आतापर्यंत झाला. अकरा महिन्यांच्या नोकरीवर ८४ महिन्यांचं कर्ज. हे वाक्य मी त्याला बोलून दाखवलं तेव्हा तो उठून बाहेर गेला. मला वाईट वाटलं, पण वाक्य मागे घेतलं नाही.

आपल्या तालुक्यात गेल्या काही वर्षांत नव्या गाड्या खूप दिसतात. कोणाच्या हातात खाणीच्या कामाचा पैसा आलाय, कोणाच्या ठेक्याचा. चांगलंच आहे. आमच्या बाबांच्या पिढीने सायकल घ्यायला तेंदूपत्त्याचे दोन सीझन वाट पाहिली, आपण का पाहायची? मलाही आवडते थार, खोटं का बोलू. पण आपल्या वयाच्या पोरांचं घरात गाडीबद्दल मत विचारलं जातं आणि ते मत आपण बहुतेक वेळा रील बघून देतो, हे मला खटकतं. रीलमध्ये गाडी पाण्यात घुसते, दोन्ही बाजूंनी पंख्यासारखं पाणी उडतं, बॅकग्राउंडला पंजाबी गाणं. हप्ता दिसत नाही.

अजून एक गोष्ट रीलमध्ये दिसत नाही. जानेवारी २०२३ पासून थार टू-व्हील ड्राइव्हमध्येही मिळते आणि सगळ्यात स्वस्त मॉडेल तेच असतं. म्हणजे दहा लाखांच्या आसपासचा जो आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे, त्या पैशात फोर बाय फोर येत नाही. दादाच्या मोबाइलमधली लाल थारही मागच्या दोन चाकांवरच चालणारी निघाली. खरी फोर बाय फोर हवी तर आणखी काही लाख. मारुतीची जिम्नी सगळ्या मॉडेलमध्ये फोर बाय फोर देते, वजनाने हलकी आहे, चिखलात हलकेपणाचा फायदाच असतो. पण तिचं पेट्रोल इंजिन दीड लिटरचं. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला तेव्हा छोट्या पेट्रोल गाड्यांची मर्यादा १,२०० सीसी ठेवली, डिझेलची १,५००. त्यामुळे चार मीटरच्या आतली दीड लिटरची डिझेल बोलेरो १८ टक्क्यांत आली आणि जिम्नी ४० मध्ये राहिली. बोलेरो घ्यावी तर ती टू-व्हील ड्राइव्ह. आता बोला. आमच्याकडे जी अंगणात उभी आहे तशी गाडी नवी घ्यायची म्हटलं तर बाजारात पर्याय बोटांवर मोजण्याइतके आणि सगळे आमच्या खिशाच्या वर.

पण आपल्याला फोर बाय फोर लागते का? हा प्रश्न आईचा. तिने भाजी निवडता निवडता विचारला आणि सगळे गप्प झाले. वर्षातून किती दिवस बाबा तो दुसरा लिव्हर ओढतात? मी मोजायला लावलं. उन्हाळ्यात शून्य. हिवाळ्यात शेतावर एखाददोनदा. पावसाळ्यात वीस-पंचवीस दिवस. वर्षाचे उरलेले ३४० दिवस कोणतीही साधी गाडी चालेल.

ते वीस-पंचवीस दिवस मात्र वेगळे असतात. इथला पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगायचं तर, पर्लकोटेला पूर आला की तिकडे भामरागडचा संपर्क तुटतो ही दर वर्षीची बातमी आहे, आणि आमच्याकडे बातमीत न येणारे नाले त्याच दिवशी तसेच भरलेले असतात. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मावशीच्या गावातल्या एका वहिनीला कळा सुरू झाल्या. रात्रीचे अकरा. बाबा गाडी घेऊन निघाले, मी सोबत. परत येताना रपट्यावर पाणी. बाबांनी गाडी थांबवली, चपला काढल्या, काठी घेतली आणि हेडलाइटच्या उजेडात पाण्यातून चालत पलीकडे जाऊन परत आले. पाणी घोट्याच्या वर होतं, गुडघ्याच्या खाली, ओढ नव्हती. मग लिव्हर ओढला आणि अगदी हळू, एका गिअरमध्ये, मध्ये कुठेही न थांबता गाडी काढली. पाणी उडालं नाही. रीलसाठी काहीच नव्हतं त्यात. पहाटे एटापल्लीच्या ग्रामीण रुग्णालयात मुलगी झाली.

त्याच महिन्यात आणखी एकदा त्याच रपट्यावरून बाबा परत फिरले होते, कारण पाणी गुडघ्यावर होतं आणि काठी ओढली जात होती. ‘‘जीप पोहत नाही,’’ ते म्हणाले. कंपन्या गाडी किती पाण्यातून जाते त्याचा आकडा देतात, नव्या थारचा ६५० मिलिमीटर आहे. तो आकडा संथ पाण्याचा समजायचा. वाहत्या पाण्यात त्याहून कमी खोलीतही गाडी तरंगून सरकते, मग चार चाकं फिरतायत की दोन, काही फरक पडत नाही. फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना जोर. पूल नाही.

म्हणून मला बाबांचंही सगळं पटत नाही. ‘‘इंजिन ठणठणीत हाये’’ हे त्यांचं एकच उत्तर. जुन्या गाडीत इंजिन शेवटी मरतं, आधी चेसी मरते. पावसाचा चिखल चेसीच्या पोकळीत बसतो आणि आतून गंज खात जातो. वरून रंग मारला की बाहेरून कळत नाही. गॅरेजवाल्या भाऊंना गाडी वर घ्यायला लावली. त्यांनी हातोडीच्या टोकाने चेसी ठोकत ठोकत नेली. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द. पुढून मागे येईपर्यंत खणखणीत होता, मागच्या बाकाखालच्या आडव्या पट्टीत एका ठिकाणी बद्द. तेवढा तुकडा कापून नवा वेल्ड करायचा. ब्रेकचे पाइप, सिलिंडर आणि लायनर बदलायचे, चारही टायर, स्टेअरिंगचे बॉल जॉइंट. अंदाज सव्वा लाखाचा. घासाघीस धरून. गाडी आज विकली तर सव्वादोन लाख येतील असं एका दलालाने सांगितलंय. म्हणजे अर्ध्याहून जास्त किमतीची दुरुस्ती. कागदावर हा मूर्खपणा दिसतो, पण सव्वादोन लाखांत आम्हाला दुसरी फोर बाय फोर कोण देणार? आणि सव्वा लाख म्हणजे नव्या गाडीचे साडेआठ हप्ते.

नवी डिझेल गाडी धूर कमी सोडते, यात वाद नाही. पण तिच्या सायलेन्सरमधला फिल्टर साफ राहायला तिला अधूनमधून सलग लांब, जरा वेगात पळावं लागतं. आमची गाडी दुकान-शेत-दुकान फिरते. फिल्टर तुंबला, दिवा लागला की लॅपटॉप जोडणारा माणूस हवा. कंपनीचं वर्कशॉप गाठायला आमचा अख्खा दिवस जातो, तोही नाले उतरलेले असतील तर. आमचे गॅरेजवाले भाऊ पान्याने जे करतात ते लॅपटॉपवाल्या गाडीला चालत नाही, आणि यात त्यांचा काही दोष नाही. ताडोब्यातल्या जिप्स्या आठवा. मारुतीने ते मॉडेल बंद करून काही वर्षं झाली, तरी त्या चालतायत, कारण त्या कशा दुरुस्त करायच्या हे तिथल्या लोकांच्या हाताला माहीत आहे.

तर माझा निकाल असा. जीप ठेवायची, नोंदणी पाच वर्षांसाठी करून घ्यायची, पण बाबांच्या अटींवर नाही. सव्वा लाखातला पहिला पैसा ब्रेकवर, इंजिनच्या लाडावर नाही. पुढच्या दोन्ही सीटना नवे बेल्ट आणि ते लावायचे, ‘इथंच तर जायचंय’ चालणार नाही. डांबरी रस्त्यावर पन्नासच्या वर काटा न्यायचा नाही. मागच्या बाकावर माल, माणसं नाहीत, अगदी अडचणीची वेळ सोडून. दर मे महिन्यात चेसी ठोकून बघायची. ज्या वर्षी पुढच्या भागात बद्द आवाज येईल त्या वर्षी गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात जाईल, दलालाकडे नाही. तिथे मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सूट मिळू शकते.

आम्ही दर आठवड्याला नागपूर गाठणारे असतो तर मी डोळे झाकून नव्या गाडीला मत दिलं असतं. एअरबॅगला पर्याय नाही, पन्नासचा काटा हा पर्याय नसून तडजोड आहे, हे मला माहीत आहे. दादाने हेच ऐकवलं मला. ‘‘समोरचा ट्रक पन्नासने येते का बे?’’ याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी एवढंच म्हटलं की हप्त्याचे १४,७०० रुपये आपल्याकडे आहेत असं समजून दर महिन्याला बँकेत टाकून बघ. बारा महिने न चुकता जमले तर पुढच्या दिवाळीला मी तुझ्या बाजूने बोलेन. तेव्हा कर्जही कमी लागेल. त्याने पैज लावली. पहिले पैसे त्याने नोव्हेंबरच्या पाच तारखेला टाकले, स्क्रीनशॉट मला पाठवला, सोबत लाल थारचा फोटोही.

बाबांना बेल्टची अट जास्त झोंबली आहे. जीप सध्या गॅरेजात ब्रेक उघडून उभी आहे, म्हणून कालचा माल आणायला दादा एसटीने अहेरीला गेला होता.