लॉनला पाणी पहाटेच द्या

लग्नसराई तोंडावर आली की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मंगल कार्यालयांत लॉन हिरवेगार ठेवण्याची धडपड सुरू होते. भर दुपारी पाइप सोडून दिलेला असतो. एक एकर हिरवळीवर ५ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे २० हजार लिटर, दहा हजारी दोन टँकर! उन्हात त्यातले बरेचसे वाफ होऊन उडते. रोजच्या वरवर शिंपण्याने मुळेही वरच राहतात. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा, पहाटे, माती चार बोटे खोल भिजेल असे पाणी द्यावे.

आरोग्याचा प्रश्न साठवणीत आहे. टँकरचे पाणी ओतलेले उघडे हौद, बंद पडलेली कारंजी, कुंड्यांखालच्या ताटल्या यांत डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत नवे डास तयार. खापर मात्र पावसाळ्यावर फुटते. हौदाला घट्ट झाकण हवे. ताटल्या दर आठवड्याला घासूनच कोरड्या कराव्यात, कारण काठाला चिकटलेली अंडी सुकली तरी महिनोन्‌महिने टिकतात.

याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरतात. लॉनमालकांनीही तो मांडावा. टंचाईच्या वर्षी मांडवाखाली गवत कशाला? सतरंजी चालते की.